वन्सं, गप्प बसा!

माझं तोंड आणि माझी कात्री यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पार्लरमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की माझं बोलणं सुरू होतं, ते तिने आरशात मान वळवून "छान झालंय" म्हणेपर्यंत. तोंड त्याच्या वाटेने जातं, हात त्याच्या. एकदा फोन खांद्यात धरून नवऱ्याशी कडाक्याचं भांडत मी एका बाईचे केस कापले होते. ती अजून म्हणते, तसे पुन्हा कधी जमले नाहीत तुला.

मग बेस गिटार वाजवताना गाणं का जमेना, हे मला कुणी सांगावं!

आमचा बँड घरातलाच आहे. ड्रमवर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. फरश्या बसवायचं काम करतात, आणि त्यांच्या फरश्यांच्या गोडाऊनमध्येच आमची तालीम चालते. गिटार आणि गाणं वन्संचं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. बाकी सगळे त्यांना ताई म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा चिडवायला म्हणून जुन्या वळणाचं 'वन्सं' म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. शाळेत पी. टी. शिकवतात. मैदानाच्या या टोकाला उभ्या राहून त्या टोकाच्या पोराची कॉलर धरतील असा आवाज. आमचा बेसवाला गाव सोडून गेला तेव्हा त्यांनीच ते अवजड लाकूड माझ्या गळ्यात अडकवलं. "दिवसभर बोटं चालतात ना तुझी? मग संध्याकाळी काय त्यांना गंज चढवायचाय?" म्हणाल्या. शिकले. चार जाड तारा, त्यात काय एवढं. बेसचं एक बरं असतं, लोकांना तो ऐकू येतो पण कुणी तुमच्याकडे बघत नाही.

गाणं मात्र माझ्या वाट्याला कधी आलं नाही, आणि मला नकोच होतं. मी गुणगुणायला लागले की भाऊजी उठून पंखा तपासतात.

आता मैदानावर वर्षानुवर्षं ओरडून आणि रविवारी गाऊन वन्संच्या गळ्यात गाठी झाल्या. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की मी परवानगी देईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. जखम भरायच्या आत जोर लावलात तर आवाज कायमचा जाईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. वन्संनी मान डोलावली. घरी आल्याबरोबर मोबाईल काढला आणि टाइप करून माझ्या नाकासमोर धरला: 'रविवारच्या कार्यक्रमाचं काय???' प्रश्नचिन्हंसुद्धा त्यांची मोठ्या आवाजातली असतात.

कार्यक्रम म्हणजे गावातल्या हॉलमधला नाचाचा कार्यक्रम. थंडी सुरू झाली की तिथे दर रविवारी दुपारी लोक जोडीने नाचायला येतात, बहुतेक रिटायर झालेले, आणि आम्ही वाजवतो. पहिला रविवार दोन-तीन आठवड्यांवर आला होता. हॉलच्या मॅनेजरबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं. दुसरा एक बँड कधीपासून मागे लागलाय, तुम्ही पहिल्या रविवारी उभे राहिला नाहीत तर मला हंगाम त्यांना द्यावा लागेल. बाहेरून गाणारी आणावी, तर वन्संची गाणी वन्संनीच केलेली, ती कुणाला येणार? आणि भाऊजी ड्रममागे बसले की त्यांच्या तोंडातून एक-दोन-तीन-चार याच्या पलीकडे काही निघत नाही.

वन्संनी पुन्हा मोबाईल धरला. 'तू गा.'

"वेड लागलंय का? मी?"

'मग मी गाते.'

आणि त्या गातील हे मला पक्कं माहीत होतं. वन्सं एकट्या राहतात. शाळा आणि हे रविवार, एवढंच त्यांचं आहे. आम्ही कुणी ते बोलून दाखवत नाही, पण त्या हॉलसाठी त्या गळा फाडून घेतील, वर म्हणतील काही झालं नाही. म्हणजे मी गायचं, नाहीतर त्यांचा आवाज जायचा. असा पेच माझ्या गळ्यात घातला आणि स्वतः मूग गिळून बसल्या. बसणारच, डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

पहिल्या तालमीत माझी जी भंबेरी उडाली ती सांगायची सोय नाही. नुसता बेस वाजवला, ठीक. बेस खाली ठेवून गाणं म्हटलं, ते वन्संच्या मते 'सहन होण्यासारखं' होतं. दोन्ही एकत्र केलं आणि सगळं कोसळलं. बेसचा ठोका ड्रमबरोबर पडायला हवा. गाण्याचे शब्द त्या ठोक्याच्या पुढेमागे येतात. पण मी शब्द उच्चारला की बोट तारेवर पडायचं. जितकी अक्षरं तितके ठोके. 'उजेड' म्हटलं की तीनदा धुम धुम धुम.

भाऊजींनी काठ्या मांडीवर ठेवल्या. "वहिनी, तुम्ही बेस वाजवत नाही आहात. तुम्ही स्वतःलाच टाळ्या देताय."

"तुम्ही गा मग!"

"मी कुठे काय म्हटलं? मी फक्त फरशी वाकडी बसतेय एवढं सांगितलं."

एवढ्यात कानाशी कर्कश शिट्टी वाजली. मी अशी दचकले, की पाठीमागच्या खोक्यावर आदळले. वन्संनी गळ्यातली शाळेची शिट्टी तोंडात धरली होती. बोलायला बंदी, गायला बंदी, पण शिट्टीला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, कारण ते बिचाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की पुन्हा पहिल्यापासून. त्या संध्याकाळी दोनदाच जास्त वाजली. माझ्या डोक्यावर मिरे वाटायला बसल्या होत्या बाई, तेही न बोलता.

असे बरेच दिवस गेले. ठोका मोजत गायचं करून पाहिलं, पायाने ताल धरून पाहिला, एकेक ओळ तोडून पाहिली. सगळ्यात वाईट शेवटच्या गाण्याचं तिसरं कडवं. 'थांब जरा, अजून उजेड आहे' अशी त्याची ओळ आहे. तिथे आवाज वर वर चढत जातो आणि बेस त्याच वेळी एकेक पायरी खाली उतरतो. माझा आवाज चढला की हातही बेसच्या मानेवर चढायचा. हात उतरवला की आवाज त्याच्यामागोमाग तळघरात. मी रडकुंडीला आले. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, तुझी बहीण स्वतःचा गळा घालवेल आणि पाप माझ्या माथी येईल. तो म्हणाला, "तू प्रयत्न करतेयस ना?" माझा प्रयत्न गेला खड्ड्यात, म्हटलं, तिचा आवाज राहायला पाहिजे.

मग एका दुपारी वन्सं पार्लरमध्ये येऊन बसल्या. शाळेतून रजा, घरात करमत नाही. मी पोस्टातल्या मावशींचे केस कापत होते. या मावशी पोस्टातून रिटायर झालेल्या, दर महिन्याला येतात, आणि गावातलं जे मला ठाऊक नसतं ते त्यांना असतं. मी त्यांना आमच्या वरच्या मजल्यावरच्या नळाचं रामायण सांगत होते. नळवाला आला, त्याने भिंत फोडली, पाणी भलतीकडूनच निघालं, मी त्याला काय सुनावलं, तो काय म्हणाला.

फुर्रर्र! मावशी खुर्चीत उडाल्या. पण मी नाही. कात्री चालूच होती, कारण बट अर्धी कापून झाली होती.

"वन्सं! गिऱ्हाईक आहे इथे!"

वन्संनी माझ्या कात्रीकडे बोट केलं. मग माझ्या तोंडाकडे. मग पुन्हा कात्रीकडे. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं आता बोलतातच, म्हणून मी आधी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी मोबाईलवर टाइप केलं: 'उद्या बेस इथे आण.'

दुसऱ्या दिवसापासून पार्लरमध्ये जो तमाशा सुरू झाला त्याने माझी गिऱ्हाइकं वाढली, कमी झाली नाहीत. दुपारच्या रिकाम्या वेळात मी बेस गळ्यात घालून स्टुलावर बसायचे. कोपऱ्यात छोटा स्पीकर. तिसऱ्या कडव्याचा तो उतरता बेस फिरून फिरून वाजवायचा आणि वाजवता वाजवता गप्पा मारायच्या. गायचं नाही, नुसतं बोलायचं. डोक्याला डाय लावून बसलेल्या बायका समोर असायच्याच. सुरुवातीला माझं बोलणंच अडखळायला लागलं. "काल... धुम... आमच्याकडे... धुम..." तमाशा बघायला आलेल्या पोस्टातल्या मावशी म्हणाल्या, "अगं, तुला काय झालंय? उचकी लागलीय का?"

वन्संनी थोडा वेळ बघितलं. मग मावशींच्या मागे जाऊन त्यांना मोबाईल दाखवला. मावशींनी चष्मा सारून वाचलं, मान हलवली आणि मला म्हणाल्या, "खरं सांगू का, मागच्या खेपेला तू लावलेला डाय आठ दिवसांत उडाला बघ. त्या चौकातल्या नव्या पार्लरवाल्या बाईचा चांगला बसतो म्हणतात."

"काय? माझा डाय उडाला? मावशी, तुम्ही लावल्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलंत, मी नको नको म्हणत असताना! आणि ती चौकातली, तिला कंगवा कुठून धरायचा ते तरी माहितेय का? माझ्याकडे शिकायला आली होती ती, महिनाभर टिकली नाही!"

बराच वेळ माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. थांबले तेव्हा कळलं, सगळ्याजणी माझ्या हाताकडे बघतायत. बेस एकदाही चुकला नव्हता. वन्सं डोळे पुसत होत्या, हसून की काय कोण जाणे, आवाज न करता हसायला त्यांना फार कष्ट पडत होते. मावशी म्हणाल्या, "डाय उत्तम बसतो गं तुझा. मला तसं म्हणायला सांगितलं होतं."

तर माझं औषध हे निघालं. साधं बोलताना माझं लक्ष हाताकडे जातं. भांडताना जात नाही. वन्संनी मग सगळ्या गिऱ्हाइकांना कामाला लावलं. कुणी म्हणे तुझी खुर्ची करकरते, कुणी म्हणे तुझी मुलगी माझ्या मुलीला बघून हसत नाही. मी भांडत होते, हात चालत होता. पुढे पुढे वन्संनी खूण केली की मी भांडणातच गाण्याची ओळ घुसडायची. "करकरत असेल तर उभ्या राहा! थांब जरा, अजून उजेड आहे! नवी खुर्ची कुठून आणू?" हळूहळू भांडण कमी झालं, ओळी वाढल्या, सूर लागत गेला. गोडाऊनमध्ये भाऊजींबरोबर वाजवलं तेव्हा भाऊजी पंखा बघायला उठले नाहीत. मला खरंच फार आनंद झाला. भाऊजी कौतुक बोलून दाखवत नाहीत, त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

शेवटच्या तालमीला वन्संनी मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवलं: 'अडलीस तर गाणं सोड. बेस सोडू नकोस. शब्द गेला तर लोक चालवून घेतात, बेस गेला तर नाचणारे पडतात.'

मी म्हटलं, "आणि तुम्ही काय सोडणार नाही ते मी सांगते. तोंड. माझं काहीही झालं तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. कबूल करा."

त्यांनी मान डोलावली. जशी डॉक्टरांसमोर डोलावली होती, अगदी तशीच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी हॉल भरला होता. मी बेस गळ्यात घालून उभी राहिले. भाऊजींनी सांगून ठेवलं होतं, की ताईसमोर माईक नको. पण माईक लावणाऱ्या माणसाने दरवर्षीसारखे सगळे माईक जागच्या जागी लावून टाकले होते, आणि हे माझ्या ध्यानात आलं तोवर भाऊजींनी एक-दोन-तीन-चार म्हटलंही होतं.

पहिली गाणी निभावली. चांगली झाली असं म्हणणार नाही, पण लोक नाचत होते, आणि पोस्टातल्या मावशी आपल्या भावाला ओढत ओढत फिरवत होत्या. एक-दोनदा शब्द गिळला, पण बेस सोडला नाही. वन्सं माझ्या शेजारी गिटार वाजवत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या तोंडाशी आले आणि ओळ गेली. जिभेवरूनच गेली. ज्या ओळीवर मी इतक्या बायकांशी भांडले होते, तीच. समोर सगळे हात धरून थांबलेले, तिथे आवाज चढतो आणि जोड्या फिरतात हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक. हात माझा उतरत होता, एकेक पायरी, बरोबर. तोंड उघडं आणि आत काही नाही. पुन्हा एक फेरा गेला. भाऊजी मागून रोखून बघतायत ते मला पाठीला कळत होतं.

आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, की वन्सं माईककडे एक पाऊल सरकल्या. त्यांचे खांदे वर उचलले गेले. हा श्वास मी त्यांच्या शेजारी उभी राहून इतकी वर्षं बघितलाय. या श्वासानंतर तो वरचा सूर येतो, आणि तो मैदानभर जातो.

तो सूर निघायच्या आत मी वळले आणि बेसचं टोक त्यांच्या माईकच्या दांडीवर हाणलं. माईक धाडकन खाली. त्याचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला. आणि माझा माईक माझ्या तोंडासमोरच होता, त्यात मी सगळा जीव एकवटून ओरडले,

"वन्सं, गप्प बसा! एक शब्द काढाल तर बघा! गप्प!"

हात उतरतच होता. ठोका न् ठोका ड्रमबरोबर. आणि त्याच रागात, त्याच श्वासात ओळ तोंडात आली. थांब जरा, अजून उजेड आहे! मी ती गायली नाही, मी ती वन्संना सुनावली, वर वर चढत. सगळ्यात वरचा सूर पूर्ण लागला नाही, थोडा खालीच राहिला, पण मी तो धरून ठेवला. समोर जोड्या गरकन फिरल्या. लोकांना वाटलं गाण्यातच आहे. मागून कुणी तरी ओरडलं, "गप्प!" आणि मग सगळा हॉल तालावर "गप्प! गप्प!" करायला लागला. गाणं संपलं तेव्हा मॅनेजरबाई टाळ्या वाजवत पुढे आल्या आणि हा नवा प्रकार दर रविवारी ठेवा म्हणाल्या.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी वन्संकडे बघत होते. त्यांनी गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या, माझ्याकडे न बघता निघून गेल्या. शिट्टी नाही, मोबाईल नाही. त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या माणसांसमोर मी त्यांना गप्प बसवलं होतं. मोठ्या नणंदेला, भर हॉलमध्ये, माईकवरून. नवरा म्हणाला, "दुसरा काही मार्ग नव्हता का?" मी म्हटलं, सुचला असता तर केला असता. पण रात्री पडल्या पडल्या मला त्यांचा तो उचललेला खांदा दिसायचा आणि वाईट वाटायचं.

पुढच्या रविवारी त्या आल्या, वाजवलं, गेल्या. त्याच्या पुढच्याही. त्यांच्यासमोर माईक ठेवला नव्हता. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, त्या तारा जुळवत राहिल्या.

मग एक दिवस मी मावशींचे केस कापत असताना दार उघडून वन्सं आत आल्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या. मला आरशात दिसत होत्या. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच.

"आलात? बरं झालं. आता ऐकून घ्या. राग धरायचा तर खुशाल धरा. मी माफी मागणार नाही. तुम्ही मला शब्द दिला होता आणि तोंड उघडायला निघालात! मी काय करायला हवं होतं? हातावर हात ठेवून बघत बसायचं? माझा सूर गेला तर गेला, माझं कोण ऐकायला येतं? पण तुमचा गेला असता म्हणजे? तुम्ही त्या मैदानावर काय शिट्टी फुंकत बसला असतात जन्मभर? मला ऐकवलं नसतं ते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा माईक पाडेन, पाडेन म्हणजे पाडेनच. माझ्याशी बोलू नका हवं तर..."

कात्री चालू होती.

"डॉक्टरांनी आजपासून थोडं बोलायला सांगितलंय," मागून कुणी तरी म्हणालं.

बारीक, खरखरीत, आधीपेक्षा खालच्या पट्टीतला आवाज. जरा हलणारा. पण वन्संचाच.

"सरळ इथेच आले," त्या म्हणाल्या. "अजून कुणाशी बोलले नाही." मध्ये थांबून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "वरचा सूर कमी पडला तुझा त्या दिवशी."

मावशींची अर्धी कापलेली बट माझ्या बोटांत होती. हात हलेना. तोंड उघडलं, पण त्यातूनही काही बाहेर आलं नाही.

"अगं, थांबलीस का?" मावशींनी विचारलं.

आरशात वन्सं माझ्याकडे बघत होत्या.

"आता गप्प का?" त्या म्हणाल्या. "बोल की."